त्रिकोणमितीत अडतं कुठे?

दहावीच्या भूमितीच्या पेपरात त्रिकोणमितीचे प्रकरण मुलांना परवडते. सहा गुणोत्तरे, तीन नित्यसमीकरणे, ३०, ४५ आणि ६० अंशांच्या किमतींचा तक्ता आणि मनोऱ्याच्या उंचीची ठरावीक उदाहरणे, एवढ्या भांडवलावर गुण पदरात पडतात. हीच मुले अकरावी विज्ञानाला गेली की काही आठवड्यांतच या विषयापुढे हात टेकतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘सूत्रे फार आहेत.’ क्लासमध्ये मग सूत्रांचा छापील तक्ता मिळतो, तो अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवला जातो आणि उदाहरण आले की त्यातले कोणते सूत्र लागते याचा शोध सुरू होतो.

शालेय त्रिकोणमितीत उदाहरणांची सहा-सात कुळे आहेत. ती एकेक करून तपासली तर वेगळेच चित्र दिसते. सूत्रांची संख्या ही खरी अडचण नाही. कोणत्या उदाहरणाला कोणती वाट धरायची, आणि त्या वाटेवर उत्तरांत काय वाढते किंवा काय गळते, हे वर्गात फारसे शिकवले जात नाही. मुले अडतात ती तिथे.

दहावी आणि अकरावी यांच्यामधली दरी

राज्य मंडळाच्या २०१७ ते २०२० या काळात आलेल्या पुस्तकांत विषयाची मांडणी अशी आहे. नववीच्या गणित भाग २ मध्ये गुणोत्तरांची ओळख होते. दहावीच्या भाग २ मध्ये सहावे प्रकरण नित्यसमीकरणे आणि उंची-अंतराचे आहे. अकरावीच्या पहिल्या भागाची सुरुवातीची तिन्ही प्रकरणे कोनाचे मापन आणि त्रिकोणमितीला दिली आहेत. बारावीच्या तिसऱ्या प्रकरणात समीकरणांच्या सामान्य उकली, त्रिकोण सोडवणे आणि व्यस्त फले येतात. कागदावर ही चढण एकसारखी दिसते, पण दहावी आणि अकरावी यांच्यामध्ये एक मोठी दरी आहे.

दहावीपर्यंत साइन म्हणजे काटकोन त्रिकोणातली समोरची बाजू भागिले कर्ण. अकरावीत अचानक १५० अंश, उणे ६० अंश, ७५० अंश असे कोन समोर येतात. काटकोन त्रिकोणात १५० अंशांचा कोन बसवणार कसा? इथे साइनची व्याख्याच बदलते. आरंभबिंदूभोवती १ त्रिज्येचे वर्तुळ काढायचे, क्ष-अक्षापासून कोनाएवढे फिरायचे आणि जिथे पोहोचू त्या बिंदूचा पहिला निर्देशक कॉस, दुसरा साइन. पुस्तकात हे चार-पाच ओळींत येते आणि लगेच सूत्रांची रांग लागते. त्यातच मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे गणित त्याच वर्षी इंग्रजीत जाते. ‘चरण’ म्हणजे काय हे कळत असूनही ‘क्वाड्रंट’ वाचून मूल थबकते. सेमी-इंग्रजीच्या मुलांचा हा एक अडथळा कमी होतो, व्याख्येचा मात्र सगळ्यांसाठी सारखाच असतो.

दरी किती खोल आहे हे एका उदाहरणात दिसते. (१ + साइन क्ष) ÷ (१ – साइन क्ष) याचे वर्गमूळ सेक क्ष + टॅन क्ष असते, हे दहावीच्या धाटणीचे उदाहरण. अंश आणि छेद यांना (१ + साइन क्ष) ने गुणले की तीन ओळींत सुटते. आता क्ष = १५० अंश घ्या. साइन १५०° = १/२, म्हणून डावी बाजू √३. उजव्या बाजूला सेक १५०° = –२/√३ आणि टॅन १५०° = –१/√३, बेरीज –√३. डावी बाजू धन, उजवी ऋण! सिद्धता चुकली नव्हती. कॉसच्या वर्गाचे वर्गमूळ आपण डोळे मिटून ‘कॉस’ लिहिले, आणि लघुकोनात ते खपून गेले, एवढेच. कॉस ऋण होऊ शकतो ही शंका दहावीत मनात यायचे कारणच नव्हते.

आर्यभटाची ज्या वर्तुळातली

शाळेत आधी त्रिकोण येतो आणि मग वर्तुळ. इतिहासात क्रम उलटा होता. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त २४ ज्यांमधले (ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेली साइन) फरक दिले. त्या ज्या वर्तुळाच्या कंसावरच्या होत्या, ३ अंश ४५ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) एवढ्या अंतराने, आणि गरज होती ग्रहांची स्थाने काढण्याची. वर्तुळाची त्रिज्या घेतली होती ३४३८. हा आकडा सहज आलेला नाही. पूर्ण वर्तुळात ३६० गुणिले ६०, म्हणजे २१,६०० कला. त्यांना दोन पायने भागले की ३४३७.७५ उरतात. म्हणजे त्रिज्या आणि कंस दोन्ही कलांमध्येच मोजायचे. अकरावीत मुलांना परके वाटणारे रेडियन यापेक्षा वेगळे काही करत नाही. त्या तक्त्यातली पहिली ज्या २२५ आहे आणि तिचा कंसही २२५ कलांचा आहे. लहान कोनाची साइन जवळपास त्या कोनाएवढीच असते, हे पुढे कलनात शिकवले जाणारे तथ्य त्या पहिल्या ओळीतच बसले आहे.

सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने तक्त्याशिवाय साइनची किंमत काढायचे सूत्र दिले. अंशांतला कोन क्ष घ्या, क्ष × (१८० – क्ष) हा गुणाकार करा, त्याची चौपट करा आणि ४०,५०० मधून तो गुणाकार वजा करून जे येईल त्याने भागा. ३० आणि ९० अंशांना उत्तर तंतोतंत येते. ४५ अंशांना ०.७०५९ येते, खरी किंमत ०.७०७१. दुसऱ्या भास्कराने, म्हणजे भास्कराचार्याने, ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या ज्योत्पत्तीत दोन कोनांच्या बेरजेच्या ज्येचा नियम दिला. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याची नोंद आहे. साइन ही कोनाबरोबर बदलत जाणारी राशी आहे, त्रिकोण तिला मोजायचे एक साधन आहे, ही दृष्टी या सगळ्या कामात आहे. आजच्या अकरावीला नेमकी तीच हवी आहे.

उंची आणि अंतर : आकृती नीट पाहिली तर

पहिले कूळ मनोरा, झाड, दीपगृह आणि जहाज यांचे. इथल्या चुका ठरलेल्या. अवनत कोन क्षितिजरेषेऐवजी उभ्या रेषेपासून मोजला जातो, किंवा निरीक्षकाच्या डोळ्यांची उंची शेवटी मिळवायची राहते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. एका जागेवरून मनोऱ्याचे टोक ६० अंशांवर दिसते, ४० मीटर मागे गेल्यावर ३० अंशांवर. सरावाची रीत अशी की जवळचे अंतर क्ष धरायचे, टॅनची दोन समीकरणे मांडायची, ३क्ष = क्ष + ४० वरून क्ष = २० आणि उंची २०√३, म्हणजे सुमारे ३४.६४ मीटर. उत्तर बरोबर. पण आकृतीकडे क्षणभर पाहिले तर समीकरणाची गरजच उरत नाही. मागच्या जागेचा कोन ३० अंश, आणि टोकापाशी तयार होणारा कोन ६० वजा ३०, म्हणजेही ३० अंश. मग तो त्रिकोण समद्विभुज झाला आणि जवळच्या जागेपासून टोकापर्यंतची तिरकी रेषा ४० मीटरची ठरली. उंची ४० गुणिले साइन ६०°. एका ओळीत उत्तर. इथे भूमितीनेच काम केले, पण त्रिकोणमितीचे प्रकरण सुरू झाले की मुले भूमिती बाजूला ठेवतात.

आणखी एक गोष्ट या कुळात खटकते. पुस्तकातले बहुतेक कोन ३०, ४५ किंवा ६० अंशांचेच असतात. कोनमापक, एक नळी, दोरा आणि त्याला टांगलेले वजन एवढ्या सामानात उन्नत कोन मोजायचे साधन बनते. शाळेच्या इमारतीची उंची एकदा त्याने मोजली की कोन ३७ अंशही येऊ शकतो, आणि मग तक्ता उघडावा लागतो, हे मुलांना आपोआप कळते.

सिद्धतेची शिस्त

दुसरे कूळ ‘डावी बाजू = उजवी बाजू’ सिद्ध करण्याचे. इथल्या युक्त्या मोजक्या आहेत : जास्त गुंतागुंतीच्या बाजूने सुरुवात करा, सगळे साइन-कॉसमध्ये आणा, छेद समान करा, वर्गमूळ किंवा १ ± साइन दिसले तर संयुग्मीने गुणा. टॅन क्ष + कॉट क्ष याला समान छेद दिला की वर साइनवर्ग अधिक कॉसवर्ग म्हणजे १ उरतो, आणि उत्तर सेक क्ष गुणिले कोसेक क्ष.

दोन्ही बाजूंवर एकदम काम करायचे नाही, असा दंडक शिक्षक घालतात, पण कारण क्वचित सांगतात. कारण तर्काचे आहे. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरून पुढे गेलात, तर शेवटी १ = १ आले तरी काही सिद्ध होत नाही. १ = –१ या खोट्या विधानाचाही दोन्ही बाजूंनी वर्ग केला की १ = १ येते. प्रत्येक पायरी उलट दिशेने चालत असेल तर दोन्ही बाजूंवर काम करणे गैर नाही. मुलांना दंडक पाठ असतो, त्यामागचा विचार नसतो.

एक छोटी सवय मात्र प्रत्येकाने लावून घ्यावी. नवे सूत्र आठवले की त्यात एक सोपी किंमत घालून पाहायची. साइन २क्ष = २ साइन क्ष असे लिहायचा मोह झाला तर क्ष = ३०° ठेवा. एका बाजूला √३/२, दुसऱ्या बाजूला १. सूत्र जागीच पडले. किंमत घालून सूत्र सिद्ध होत नाही, पण खोटे सूत्र पकडले जाते, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये तेवढे पुरते.

सूत्रांचे मूळ एकच

संयुक्त कोनांच्या सूत्रांनी मुले गांगरतात. पण मुळाशी फक्त कॉस (अ – ब) चे सूत्र आहे, आणि ते एकक वर्तुळावरच्या दोन बिंदूंमधले अंतर दोन रीतींनी मोजून मिळते. त्यात ब च्या जागी –ब टाका, कॉस (अ + ब) मिळतो. ९० अंशांतून वजा करा, साइनची सूत्रे येतात. दोन्ही कोन सारखे घ्या, दुप्पट कोनाची सूत्रे हाती लागतात. बेरीज आणि वजाबाकी यांची सूत्रे एकमेकांत मिळवा किंवा वजा करा, गुणाकाराची सूत्रे तयार. जो मुलगा हे एकदा स्वतःच्या हाताने करतो त्याला तक्ता चिकटवावा लागत नाही.

पण निव्वळ सूत्रावर सगळे सुटत नाही. कॉस २०° × कॉस ४०° × कॉस ८०° किती? गुणाकाराचे सूत्र दोनदा लावून उत्तर येते, पण लांबण लागते. कोन दरवेळी दुप्पट होत आहे हे ज्याच्या लक्षात आले तो या गुणाकाराला ८ साइन २०° ने गुणतो. २ साइन २०° कॉस २०° म्हणजे साइन ४०°, पुढची जोडी साइन ८०°, त्यापुढची साइन १६०°. आणि साइन १६०° म्हणजे पुन्हा साइन २०°. उत्तर १/८.

समीकरणे : उत्तरे वाढतात आणि गळतात

साऱ्या विषयात सर्वांत जास्त गुण इथे जातात, आणि चूक बहुतेक वेळा आकडेमोडीची नसते. साइन क्ष + कॉस क्ष = १ हे समीकरण ० ते ३६० अंशांत सोडवायचे आहे, ३६० सोडून. पहिल्यांदा हात वर्गाकडे जातो. वर्ग केला की १ + साइन २क्ष = १, म्हणून साइन २क्ष = ०, आणि क्ष = ०, ९०, १८०, २७० अंश. मूळ समीकरणात घालून पाहा : १८० आणि २७० अंशांना डावी बाजू –१ येते. वर्ग करताना –१ ची उत्तरेही आत शिरली. खरी उत्तरे दोनच, ० आणि ९० अंश.

आता साइन क्ष – कॉस क्ष = १ घ्या आणि दुसरी लोकप्रिय युक्ती वापरा : टॅन (क्ष/२) = ट मानून साइन आणि कॉस त्यात लिहा. समीकरण २ट – १ + ट² = १ + ट² असे होते, म्हणून ट = १ आणि क्ष = ९० अंश. एकच उत्तर. पण १८० अंश घालून पाहा : साइन ०, कॉस –१, वजाबाकी १. हेही उत्तर बरोबर आहे, आणि युक्तीने ते गिळले. कारण १८० च्या निम्म्याला, म्हणजे ९० अंशांना, टॅन अस्तित्वातच नाही. दोन्ही बाजूंना साइन क्ष ने भागल्यावर उत्तरे गळतात तीही याच जातीची चूक : शून्य होऊ शकणाऱ्या राशीने भागायचे नसते, तिला सामाईक काढायचे असते.

या दोन्ही समीकरणांना सुरक्षित वाट आहे. साइन आणि कॉस एकत्र बांधून √२ कॉस (क्ष – ४५°) = १ असे लिहा, दुसऱ्यासाठी √२ साइन (क्ष – ४५°) = १. पहिल्यात क्ष – ४५° हा अधिक किंवा उणे ४५ अंश, दुसऱ्यात ४५ किंवा १३५ अंश. काही वाढत नाही, काही गळत नाही. बारावीच्या मुलाला तिन्ही रीती येत असतात. वर्ग केला तर उत्तरे तपासा, भागले तर गेलेले शोधा, आणि जमले तर असे काही करूच नका, हे एक वाक्य मात्र त्याच्या वहीत सहसा नसते.

त्रिकोण आणि व्यस्त फले

त्रिकोण सोडवताना साइनचा नियम आवडता, कारण लिहायला सोपा. पण एक कोन ३० अंश, त्याच्यासमोरची बाजू ६ आणि दुसरी बाजू १० असेल, तर दुसऱ्या बाजूसमोरच्या कोनाची साइन ५/६ येते. कॅल्क्युलेटर सुमारे ५६.४ अंश दाखवून मोकळा होतो. १२३.६ अंशांची साइनही तीच आहे, आणि ३० मिळवूनही ती बेरीज १८० च्या आत राहते. म्हणजे त्रिकोण दोन. कोसाइनच्या नियमाने कोन काढला तर हा घोळ होत नाही, कारण ० ते १८० मध्ये कॉसच्या प्रत्येक किमतीला एकच कोन असतो.

व्यस्त फलांत तोच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. व्यस्त साइन (साइन १५०°) याचे उत्तर १५० नसून ३० अंश आहे, कारण व्यस्त साइनचे उत्तर –९० ते ९० मध्येच असते. टॅन १, २ आणि ३ असलेल्या तीन लघुकोनांची बेरीज विचारली तर बेरजेच्या सूत्राने २ आणि ३ साठी टॅन –१ मिळतो, आणि मुले –४५ अंश लिहितात. दोन धन कोनांची बेरीज ऋण कशी होईल? ती १३५ अंश आहे, आणि पहिले ४५ मिळवून उत्तर १८० अंश. सूत्राबरोबर दिलेली ‘गुणाकार १ पेक्षा लहान’ ही अट तक्त्यात बारीक अक्षरात असते आणि वाचली जात नाही.

आलेख हे सर्वांत दुर्लक्षित साधन. साइन क्ष = क्ष/१० (क्ष रेडियनमध्ये) याला किती उत्तरे? सूत्राने हे सुटतच नाही. साइनची लाट आणि ती सरळ रेषा काढली तर उजवीकडे तीन छेद, डावीकडे तीन आणि मध्ये शून्य, म्हणजे सात. ‘जिओजेब्रा’ ही आज्ञावली मोफत आहे, मोबाइलवर चालते. हा आलेख तिच्यात काढायला एक मिनिटही लागत नाही.

संशोधन काय सांगते

त्रिकोण आधी की वर्तुळ आधी, हा वाद परदेशातही झाला. ऑस्ट्रेलियात मार्गारेट केंडल आणि के स्टेसी यांनी १९९० च्या दशकात दोन्ही रीतींची तुलना केली, तेव्हा काटकोन त्रिकोण सोडवण्यात गुणोत्तराने शिकलेली मुले सरस ठरली. अमेरिकेत कीथ वेबर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तुळ काढून, मोजून, अंदाज बांधून शिकलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची साइनची समज नुसत्या व्याख्यानाने शिकलेल्यांपेक्षा पक्की निघाली. वरकरणी निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण मोजलेली गोष्ट वेगळी आहे. पहिल्यात त्रिकोण सोडवणे, दुसऱ्यात फल समजणे. आपल्या शाळांसाठी अर्थ सरळ आहे : नववी-दहावीत गुणोत्तर राहू द्या, पण अकरावीच्या पहिल्या आठवड्यांत वर्तुळाला पुरेसा वेळ द्या.

पाठांतराच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. एमएचटी-सीईटीत गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. तिथे सूत्र पुन्हा सिद्ध करत बसायला वेळ नाही. सूत्रे पाठ असलीच पाहिजेत, फक्त ती आधी सिद्ध करून आणि मग वापरून पाठ व्हावीत.

शिक्षकांना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. स्वाध्याय सूत्रानुसार न देता मिसळून द्या. उदाहरण सोडवण्याआधी मुलाकडून कोणती रीत निवडली आणि का, हे एका ओळीत लिहून घ्या. शेवटी उत्तर मूळ उदाहरणात घालून पाहायला लावा, आणि त्याला अर्धा गुण ठेवा. तक्ता भिंतीवर राहिला तरी हरकत नाही. निवड आणि पडताळा वहीत आले की अकरावीची त्रिकोणमिती सुटू लागते.